खाली आवाज येतो का?

सोफा बेडरूममध्ये उभा करून ठेवायला वैशालीने होकार दिला, तिथेच तिचं चुकलं. ‘एका रविवारपुरता,’ असं निलेश म्हणाला होता. निलेशचा एक रविवार किती लांबतो, हे लग्नाला वीस वर्षं झालेल्या बायकोला ठाऊक असायला हवं होतं. आता सोफा कपाटाला टेकून उभा होता, कपाट उघडत नव्हतं, आणि हॉलमध्ये नवरा गुडघे टेकून प्लायवूडवर पेन्सिलीने रेघा मारत होता.

“चहा मिळेल का?” त्याने मान वर न करता विचारलं.

“कपाट मिळेल का?”

“संध्याकाळपर्यंत.”

“मग चहा पण संध्याकाळी.”

अनुजाने दोरीचा गुंता सोडवता सोडवता हसू दाबलं. आज आईबाबांच्या कुठल्याही भांडणात कुठल्याही बाजूने पडायचं नाही, असं तिने सकाळीच ठरवलं होतं. ज्याच्यापायी घर उलटंपालटं होतं त्याने तोंड बंद ठेवावं, एवढी अक्कल सतराव्या वर्षीसुद्धा येते.

दोरीउड्या हा खेळ आहे, हे पटवण्यात तिची बरीच वर्षं गेली होती. ‘म्हणजे वजन कमी करायला का?’ असं लोक विचारत. त्यात स्पर्धा असतात, आपण जिल्ह्यात तिसऱ्या आलो, असं सांगितलं की ते थोडं कमी हसत. महिनाअखेरीला राज्याच्या संघाची निवडचाचणी होती. पण सरावाला जागा कुठे? परळची चाळ पाडून तिथे टॉवर झाला, मसुरकरांना आठव्या मजल्यावर घर मिळालं, आणि चाळीचं पटांगण टॉवरने गिळलं. जवळच्या शाळेचं मैदान वर्षभर पत्रे लावून बंद होतं. म्हणून तिने हॉलमध्येच दोरी फिरवायला सुरुवात केली. त्या हॉलच्या बरोबर खाली, सातव्या मजल्यावर, तिची आत्याआजी राहत होती.

मालन. आजोबांची थोरली बहीण. तक्रार तिच्याकडून आली.

तीही सेक्रेटरी दत्ताराम घागांमार्फत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विषय निघाला, तेव्हा निलेश उठून म्हणाला, “या रविवारपर्यंत मी आवाज न जाणारी जमीन करतो. त्यानंतर आत्या म्हणाली की आवाज येतो, तर घरात दोरी बंद. माझा शब्द.” हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करणारा माणूस, शब्द मोजूनमापून वापरायची त्याला सवय. पण मीटिंगमध्ये उभं राहिलं की भल्याभल्यांना शब्द द्यायची हुक्की येते. तिथे टाळ्या पडल्या. अनुजाला मात्र त्या रात्री झोप लागली नाही, कारण घरात बंद म्हणजे तिच्यासाठी सगळीकडेच बंद होतं.

मालनला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती मीटिंगला जात नसे.

“बाबा, तुमची गादी धरा जरा,” निलेश म्हणाला.

लवू मसुरकर गुडघ्यांवर हात दाबत खिडकीजवळच्या खुर्चीतून उठले. गादी त्यांची होती, काथ्याची, चाळीतून आणलेली. ती टाकून द्यायला त्यांनी आजवर कुणाला हात लावू दिला नव्हता. नातीसाठी मात्र त्यांनी स्वतःच ती कापायला दिली आणि वर, “पाठीला टोचायचीच मेली,” असंही सांगितलं. सगळ्यांत खाली निलेशचा मित्र ऑस्टिन याच्या घोडपदेवच्या व्यायामशाळेतल्या जुन्या रबरी लाद्या, त्यावर गादीचा काथ्या, त्यावर प्लायचे दोन थर, एक उभा, एक आडवा, आणि वर खेळाची मॅट. जमीन म्हणजे एवढंच. दोन दारं शेजारी ठेवली तर होईल इतकी जागा.

“आणि हे लक्षात ठेवा,” निलेश सगळ्यांना म्हणाला. “चारी बाजूंनी दोन बोटं मोकळी. ही जमीन भिंतीला कुठेही टेकता कामा नये.”

“होय सर,” वैशाली म्हणाली.

दुपारच्या जेवणाआधी जमीन तयार झाली. निलेश हात धुवायला गेला, वैशालीने डाळीला फोडणी दिली, आणि अनुजाने खाली फोन लावून तो स्पीकरवर ठेवला.

“आत्याआजी, मी सुरू करते हां. आवाज येतो का सांग.”

दोरी फिरली. अनुजाचे पाय मॅटवर पडत होते की नाही तेही नीट कळत नव्हतं, इतकी ती हलकी उडत होती. निलेश टॉवेलने हात पुसत येऊन कौतुकाने बघत राहिला. मुलीचं कौतुक की जमिनीचं, ते त्यालाच ठाऊक.

फोनमधून मालनचा आवाज आला. “येता तर. आदीपेक्षा जास्त येता.”

निलेशचा टॉवेल हातातच राहिला. “शक्य नाही,” तो म्हणाला आणि जिन्याने खाली धावला.

सातव्या मजल्यावर त्याने बेल दाबायच्या आधीच दार उघडलं. आत्या दारामागेच उभी असावी. आत बिडाचा तवा तापलेला होता, ताटलीत घावणे होते, आणि शेजारी गुळाचा रस.

“बस मरे. घाम बघ किती इलो तुका.”

“आत्या, मी आवाज ऐकायला आलोय.”

“खाता खाता ऐक. कान काय तोंडात आसत?”

तो बसला. आणि पहिला घास तोंडात घालतो न घालतो तोच वरून धप् धप् धप् असा आवाज आला, खरोखरच आला, स्वयंपाकघराच्या भिंतीतून. निलेश चावायचा थांबला. मग घावणा संपवून, दुसरा घेऊन, तोही संपवून तो वर आला आणि जमिनीच्या कडेने रांगत फिरला. खिडकीकडच्या फटीत लाकडाच्या पाचरी ठोकलेल्या होत्या. नीटनेटक्या, ओळीने.

“बाबा, हे काय?”

“पाचर,” लवू म्हणाले.

“कशाला?”

“फट होती.”

“फट मी ठेवली होती, बाबा.”

“अशी कोण फट ठेवतो? झुरळं जातील. आणि खळ्याला कधी फट बघितलीस? आपलं गावचं खळं बघ. भिंतीपासून सुरू करायचं आणि चोपण्याने कडेपर्यंत चोपत जायचं. कडा सुटली तर लोक नावं ठेवतात.”

मिलमध्ये असताना लवू दर दिवाळीनंतर रजा टाकून अंगणातलं खळं करायला गावी जात. माती चोपून चोपून घट्ट केलेली ती जमीन हा त्यांचा अभिमानाचा विषय होता. जमीन म्हटल्यावर त्यांच्या हातांनी जे करायचं तेच केलं. निलेश हात धुवायला गेला तेवढ्या वेळात.

“अहो, पाचरीतून आवाज भिंतीत जातो. भिंतीतून थेट आत्याच्या उशाशी.”

“भिंतीला कान लावून बसली असेल तर जाणारच,” लवू म्हणाले. बहिणीचा विषय निघाला की हल्ली त्यांचा सूर असा आंबट होत असे.

“झुरळांचं मात्र बाबांचं बरोबर आहे,” वैशाली स्वयंपाकघरातून म्हणाली. एरवी सासऱ्यांशी तिचं फार पटत असे असं नाही, पण सोफा उभा असेपर्यंत ती नवऱ्याच्या विरुद्ध कुणाच्याही बाजूने होती.

पाचरी निघाल्या. जेवणं झाली. पुन्हा फोन लागला, पुन्हा दोरी फिरली.

“येता,” मालन म्हणाली.

“आत्या, नीट ऐक.”

“नीटच ऐकतंय. येता.”

या वेळी वैशाली खाली गेली. नवरा गेला की खाऊनच येतो, ऐकून येत नाही, असं तिचं म्हणणं पडलं. ती बऱ्याच उशिरा परतली. तिच्या हातात कुळथाच्या पिठाची पुडी होती.

“आला आवाज?” निलेशने विचारलं.

“मला नाही आला.”

“झालं मग.”

“पण आत्या म्हणतात येतो. मला म्हणाल्या, ‘आता बघ, इलो.’ मी तेव्हा चहा पीत होते.” वैशालीने पुडी डब्यात ठेवली. “त्या दिवसभर एकट्या बसलेल्या असतात. त्यांच्या कानांना सवय असेल.”

“म्हणजे तू आता आत्याच्या पार्टीत?”

“माझं कपाट उघडेल त्याच्या पार्टीत मी. पण ऐक ना, टीव्ही लावलेला पण बंद आवाजात. नुसतं चित्र. मी विचारलं असं का, तर म्हणाल्या, वरचा काय ऐकूक येता बघतंय.”

 अनुजाने दोरी गुंडाळली, परत सोडली, परत गुंडाळली. आत्याआजीचा तिला राग येत होता आणि येतो म्हणून लाजही वाटत होती. लहानपणी ताप आला की चाळीत ती समोरच्या खोलीत आत्याआजीकडेच झोपायची. तीच बाई आता एका शब्दाने तिची दोरी बंद करत होती.

खाली मालन पलंगावर बसून छताकडे बघत होती.

छतातून काहीही येत नव्हतं. मघाशी येत होता तो धप् धप् बंद झाला होता, एकदम, कुणीतरी दार लावून घ्यावं तसा. पोरांनी चांगलं काम केलं होतं. निलेश लहानपणापासून असाच, हातात घेतलं की पुरं करायचा. तिला त्याचा अभिमान वाटला.

इथे राहायला आल्यापासून एवढी माणसं तिच्या घरात एका दिवसात आली नव्हती. चाळीत तिची आणि लवूची खोली समोरासमोर. सकाळचा चहा तो तिच्याकडेच प्यायचा, बायको होती तेव्हाही आणि गेल्यावरही. इथे फक्त एक मजला, आणि लिफ्टसुद्धा. पण दारं बंद असतात, आणि बंद दारावर उगाच जाऊन बेल वाजवायची तर काहीतरी कारण लागतं. वरून पोरगी उड्या मारायची तेव्हा मालनला कळायचं, आली कॉलेजातून. तेवढीच सोबत होती.

आज तिने ‘येता’ म्हटलं आणि निलेश आला. परत ‘येता’ म्हटलं आणि वैशाली आली, अर्धा तास बसली, सोफ्याचं गाऱ्हाणं सांगून गेली. अजून एकदा म्हटलं तर कदाचित लवू येईल. त्यात कुणाचं काय बिघडणार होतं? तिने तव्यावर पुन्हा तेल फिरवलं.

वर निलेशने मॅटखाली आणखी एक फोमचा थर घातला. शेवटचा प्रयत्न, म्हणाला. पाच वाजता घागांना सांगायचंय, जे असेल ते.

फोन स्पीकरवर जमिनीच्या कडेला ठेवला. अनुजा उभी राहिली, दोरी मागे टाकली, दोनतीन उड्या मारल्या आणि बुटाची नाडी सुटली म्हणून खाली वाकली. निलेशची तिच्याकडे पाठ होती. तो फोनवर ओणवा झाला होता.

“आत्या, आता?”

“आता तर काय विचारू नको,” मालन म्हणाली. “धाड धाड, धाड धाड. डोक्यार पडता माझ्या.”

वैशालीने निलेशच्या खांद्याला हात लावला. तो वळला. अनुजा एका गुडघ्यावर बसली होती, नाडी हातात, दोरी जमिनीवर पडलेली. पंखासुद्धा बंद होता, कारण दोरी लागेल म्हणून सकाळीच बंद केला होता. घरात कुणीही हलत नव्हतं.

“ऐकतास मां?” फोनमधून आवाज आला. “अजून येता.”

वैशालीला आधी हसू आलं. मग ते कुठे गेलं तिलाच कळलं नाही.  अनुजा फोनकडे बघत होती. एक वाक्य बोलायचं होतं तिला. आत्याआजी, मी उडी मारतच नाहीये. एवढं म्हटलं असतं की दोरी तिची होती, शब्द पाळला गेला होता, आणि आत्याआजी सगळ्यांसमोर खोटी पडली असती. तिने आजोबांकडे बघितलं.

लवू खुर्चीत ताठ बसले होते. त्यांचा चेहरा असा झाला होता की तिला बघवेना.

“हो आत्याआजी,” अनुजा म्हणाली. “आम्हालापण येतोय.”

“खूपच येतोय,” वैशाली घाईने म्हणाली.

निलेश एकदा मुलीकडे, एकदा बायकोकडे बघून खाकरला. “होय आत्या. बघतो काय ते.”

लवू उठले. गुडघ्यांना हात न लावता उठले, ते वैशालीने पाहिलं. त्यांनी फोनवर वाकून म्हटलं, “बाय, थांब. मी येतंय,” आणि चपला घालून ते लिफ्टकडे गेले.

मालनने दार उघडलं तेव्हा भाऊ दारात उभा होता. ती म्हणाली, “गुडघे बरे झाले वाटता.”

“लिफ्टीन इलंय.”

“लिफ्ट काय आज बसवली?”

लवू आत येऊन पलंगावर बसले. घर त्यांच्याच घरासारखं होतं, खिडकी तिथेच, मोरी तिथेच, फक्त माणसं नव्हती. त्यांनी छताकडे बघितलं. वर दोरी चालू होती, हे त्यांना माहीत होतं. निघताना त्यांनीच अनुजाला सांगितलं होतं, थांबू नकोस. छत गप्प होतं.

“तू सेक्रेटरीकडे गेलंस,” ते म्हणाले. “माझ्याकडे नाय.”

“कोण गेला सेक्रेटरीकडे?” मालन म्हणाली. “मी तुका फोन लावलंय. तो भिंतीवरचो. म्हटलंय तू उचलतलंस, तर फोनार वॉचमन इलो. तो म्हणता, बोला आजी, काय तक्रार? माका वाटला तुझो निरोप्या. मी म्हटलंय, वर काय कांडतत विचार, आणि लवूक चायेक बोलाव. तर दुसऱ्या दिवशी घाग वही घेवन दारात.”

लवूंना हसू फुटलं. एवढे आठवडे त्यांनी तो राग सांभाळला होता, रात्री अंथरुणात चघळला होता, आणि तो इंटरकॉमच्या बटणावर जाऊन संपला. चहाचा निरोप तेवढा कुणी पोचवला नव्हता.

“तुका एक ठावक नाय,” ते मग म्हणाले. “निलेशान मीटिंगीत शब्द दिलो. आज तू आवाज येता म्हटलंस, तर पोरगी दोरी सोडतली.”

मालनच्या हातातलं उलथणं थांबलं. “सोडतली म्हणजे?”

“बंद. चाचणी बिचणी सगळा बंद.”

तिने उलथणं खाली ठेवलं. मग तिने गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि फोन उचलून वर लावला. “निलेश? घागाक सांग, आवाज नाय येत. अजिबात नाय. माज्या कानात काय तरी होता, गेला ता. पोरीक सांग, खेळ म्हणावा.” एवढं बोलून तिने फोन ठेवला, निलेश काय म्हणाला ते न ऐकताच.

“झाला,” ती भावाला म्हणाली. “आता तुमका कोणाक हंय येवची गरज नाय.”

हे तिला हसत हसत म्हणायचं होतं, पण ते तसं निघालं नाही. लवूंनी मान खाली घातली.

“बाय, तू शेवटची धाड धाड म्हटलंस ना, तेव्हा पोरगी बुटाची नाडी बांधी होती.”

 हळूहळू मालनच्या चेहऱ्यावर सगळं चढत गेलं, शरम सगळ्यांत आधी. ती खुर्चीवर बसली.

“म्हणजे सगळ्यांसमोर मी खोटारडी ठरलंय.”

“नाय,” लवू म्हणाले. “सगळ्यांनी सांगल्यानी, आवाज येता. पोरीन पयला सांगल्यान.”

मालनने पदर तोंडाला लावला. ती रडत होती आणि तिला ते लपवायचंही नव्हतं. ज्या पोरीचं ती नुकसान करत होती त्याच पोरीने तिची लाज राखली होती, आणि भाऊ एक मजला उतरून आला होता. लवू तिच्याशेजारी बसून राहिले. समजूत घालणं त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं, ते या वयात कुठून जमणार.

दाराची बेल वाजली.

बाहेर वैशाली होती, हातात बटाटेवड्यांचं ताट. तिच्यामागे निलेश, प्लायचा भुसा अजून केसांत. त्यांच्या मागे अनुजा, घामाने निथळलेली, बुटांसकट.

“आम्ही आवाज ऐकायला आलो,” वैशाली म्हणाली.

“मी आताच सांगलंय, येत नाय म्हणान,” मालन डोळे पुसत म्हणाली.

“म्हणूनच,” अनुजा म्हणाली. “खात्री करायला वेळ लागेल. बाबा म्हणतात, रोज यावं लागेल.”

“आणि वर कोण उडी मारता?”

“कुणीच नाही.”

मालनने पाचही जणांच्या बशा काढल्या आणि छताकडे एकदा बघून घेतलं. “मग येतलोच आवाज,” ती म्हणाली. “बसा.”